पाइपच्या गॅसची शेगडी सिलिंडरवर

दुधाचं पातेलं उतरवून ओट्यावर ठेवलं आणि ओट्यावर काळं वर्तुळ उमटलं. हाताला लागली ती काजळी, तीही तेलकट, बोटाबोटांत पसरणारी. सासूबाई शेजारीच पोळपाट घेऊन बसल्या होत्या. त्यांनी पातेलं उलटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, चुलीवरची भांडी अशी होत. गॅसवरचं पातेलं असं काळं झालेलं मी बघितलं नाही कधी."

पुण्याचा फ्लॅट आवरून आम्ही दापोली तालुक्यातल्या घरी कायमचे राहायला आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशीची ही गोष्ट. पुण्यात आमच्याकडे पाइपचा गॅस होता. ओट्यात बसवलेला तीन बर्नरचा हॉब आम्ही आठ वर्षं वापरला होता आणि तो उत्तम स्थितीत होता, म्हणून सोबत आणला. इथे पाइपलाइन नाही, सिलिंडर. तेव्हा हॉब तोच आणि गॅस बदलला, एवढाच काय तो फरक, असं आम्ही धरून चाललो होतो. शाळेत अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईच्या हातून हे गृहीत धरलं जावं, याचं मला अजून वाईट वाटतं. पाइपमधून येतो तो मुख्यतः मिथेन. सिलिंडरमध्ये असतं ते प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. दोन्हींना आपण "गॅस" म्हणतो, दोन्ही निळे जळतात, म्हणून ते एकच आहेत असं मनात बसून जातं.

गॅस एजन्सीचा मुलगा सिलिंडर घेऊन आला, त्यानेच नळी जोडून दिली. लायटर लावला तर मोठ्या बर्नरची ज्योत वीतभर वर आली. टोकाला पिवळी, लवलवणारी, आणि नेहमीपेक्षा आवाज करणारी. मी विचारलं, "दादा, हे बरोबर आहे का?" तो म्हणाला, "काकू, गॅस जोरात येतोय म्हणजे चांगलंच आहे की. नॉब अर्ध्यावर ठेवायचा." मुलगा चांगला होता, घाईत होता, त्याला त्याच्या कामाचं जेवढं शिकवलं होतं तेवढं त्याने केलं. पण हा सल्ला चुकीचा होता आणि का चुकीचा होता ते मला नीट सांगायचं आहे, कारण पुण्या-मुंबईहून गावी परतणारी बरीच घरं आता हीच शेगडी टेम्पोत टाकून आणतात.

शेगडीच्या प्रत्येक बर्नरच्या पोटात एक पितळी जेट असतो. शेंगदाण्याएवढा, मधोमध बारीक भोक असलेला. गॅस त्या भोकातून जोरात वर उसळतो आणि जाताना आजूबाजूची हवा ओढून घेतो. ही हवा आणि गॅस मिसळून बर्नरच्या खाचांतून बाहेर पडतात तेव्हा निळी, टणक ज्योत मिळते. आता हिशेब असा की मिथेनच्या एका भागाला पूर्ण जळायला साधारण दहा भाग हवा लागते, प्रोपेनला चोवीस, ब्युटेनला एकतीस. म्हणजे सिलिंडरच्या गॅसला दुपटी-तिपटीने जास्त हवा हवी. उष्णताही तशीच, एक घनमीटर प्रोपेनमधून मिथेनच्या अडीचपट. त्यामुळे सिलिंडरच्या गॅसला भोक लहान लागतं. पाइपच्या गॅसचं मोठं भोक ठेवून त्यातून सिलिंडरचा गॅस सोडला, की गॅस भरमसाट येतो आणि त्या मानाने हवा अपुरी पडते. न जळलेला कार्बन पिवळा चमकतो, तीच भांड्याखालची काजळी. आणि काजळीच्या सोबत न दिसणारा, वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड तयार होत असतो. मला भीती वाटली ती त्याची.

नॉब अर्ध्यावर ठेवून हे सुटत नाही. ज्योत लहान होते, पण भोक तेवढंच राहतं, आणि एका भाग गॅसबरोबर किती हवा ओढली जाणार हे मुख्यतः त्या भोकाच्या आणि बर्नरच्या नळीच्या मापावर ठरतं. लहान ज्योतही पिवळीच राहते. मी स्वतः करून पाहिलं. नॉब जेमतेम उघडा ठेवून चहाचं भांडं पाच मिनिटं ठेवलं, बुडाला बोट फिरवलं, बोट काळं.

त्या दिवशी मी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला आणि नवऱ्याला सांगितलं, शेगडी नीट होईपर्यंत वापरायची नाही. सासूबाईंनी मागच्या पडवीतली चूल पेटवली. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही, उलट दोन दिवस तांदळाची भाकरी चुलीवरची खायला मिळाली.

हॉबबरोबर आलेली पुस्तिका मी जपून ठेवते, ती सापडली. शेवटच्या पानांवर एक तक्ता होता, जो आठ वर्षांत मी एकदाही वाचला नव्हता. त्यात प्रत्येक बर्नरसमोर दोन आकडे होते, एक नैसर्गिक वायूसाठी म्हणजे पाइपच्या गॅससाठी, एक एलपीजीसाठी म्हणजे सिलिंडरच्या गॅससाठी. लहान बर्नर ७२ आणि ५०, मधला ९७ आणि ६५, मोठा ११५ आणि ८५. हे आकडे म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ११५ म्हणजे १.१५ मिलिमीटर, ८५ म्हणजे ०.८५. ऐकायला फरक किरकोळ वाटतो. पण गॅस किती येणार ते भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतं, म्हणजे व्यासाच्या वर्गावर. वहीत मांडून पाहिलं, तर मोठ्या बर्नरच्या दोन भोकांच्या क्षेत्रफळांत १.८३ पट फरक आला. मधल्या बर्नरच्या बाबतीत तर सव्वादोन पट. म्हणजे तीन किलोवॉटचा आमचा मोठा बर्नर त्या दिवशी साडेपाच किलोवॉटच्या जवळपास गॅस ओढत होता, आणि तोही नीट न जाळता.

याशिवाय दाबाचा फरक आहे. पाइपचा गॅस शेगडीपर्यंत सुमारे २१ मिलिबारने येतो, सिलिंडरच्या घरगुती रेग्युलेटरमधून ३० मिलिबारच्या आसपास. जेट लहान आणि दाब जास्त, म्हणून धार वेगाने उसळते आणि हवा भरपूर ओढते. या दोन गोष्टी एकमेकींना धरून ठरवलेल्या असतात. रेग्युलेटर चांगला ठेवून जेट चुकीचा, किंवा जेट बरोबर आणि रेग्युलेटर भलताच, दोन्ही चालत नाही. काही जण हॉटेलच्या भट्टीचा जास्त दाबाचा रेग्युलेटर घरात लावतात, ते तर करूच नये.

पुण्यात हॉब बसवला तेव्हा तो मुळात एलपीजीचा होता. बसवायला आलेल्या माणसाने पाइपच्या गॅससाठी जेट बदलले होते आणि काढलेले जेट एका छोट्या प्लास्टिकच्या पुडीत घालून मला दिले होते. "मॅडम, हे टाकू नका," असं तो म्हणाल्याचं मला अंधुक आठवत होतं. पुडी कुठे ठेवली ते मात्र आठवेना. पंचवीस खोकी उघडली. शेवटी ती शिवणाच्या डब्यात, बटणांमध्ये सापडली. पुडीला बारीक भोक पडलेलं होतं आणि आत दोनच जेट होते. भिंग लावून बाजूचे आकडे वाचले, ५० आणि ६५. मोठ्या बर्नरचा ८५ नव्हता. बटणं सगळी परातीत ओतून पाहिली, नव्हताच.

हॉबच्या कंपनीच्या सेवा केंद्राला फोन केला. आमच्या भागात त्यांचा माणूस येत नाही, हॉब पुण्याला आणून द्या, असं उत्तर मिळालं. ओट्यात बसलेला, सिलिकॉनने चिकटवलेला हॉब उपटून एवढ्या लांब न्यायचा! मग बाजारात चौकशी केली. एका दुकानदाराने जुना जेट हातात घेतला, उजेडात धरला आणि म्हणाला, "नवा कशाला पाहिजे वहिनी? यात डाग भरतो आणि सुईने भोक पाडून देतो. दहा मिनिटांचं काम." मी नको म्हटलं. ०.८५ मिलिमीटरचं भोक सुईने अंदाजाने पाडता येत नाही, ते ०.८ झालं की ०.९५, हे डोळ्यांना दिसत नाही. शिवाय भोक गोल आणि सरळ नसेल तर धार तिरकी जाते. आणि कथील वितळतं कमी उष्णतेवर, ते रोज तापणाऱ्या बर्नरच्या पोटात ठेवायला माझं मन घेईना. ज्यांना असा सल्ला मिळेल त्यांनी कृपा करून तो मानू नये. जेट महाग नसतो, मिळायला वेळ लागतो एवढंच.

मिस्त्री मिळाले ते शेजारच्या घरातून कळून. दापोलीत हॉटेलांच्या भट्ट्या आणि घरगुती शेगड्या दुरुस्त करणारे, पन्नाशीचे गृहस्थ. फोनवरच त्यांनी विचारलं, "वहिनी, आकडे वाचून सांगा." मी ५० आणि ६५ सांगितलं. "आणि मोठ्याचा?" तो नाही म्हटल्यावर म्हणाले, "तुमच्या हॉबच्या नावाने पुण्यातून मागवतो. दोन बर्नर आज करून देतो, तिसरा बंद ठेवू." एवढ्या तीन वाक्यांनी माझा विश्वास बसला.

त्यांनी पिशवीतून प्रथम पाना काढला नाही, आधी वास घेतला. खाली वाकून, सिलिंडरच्या कपाटाच्या तळाशी. मग रेग्युलेटर बंद केला, लहान बर्नर पेटवून नळीत उरलेला गॅस जाळून संपवला आणि रेग्युलेटर सिलिंडरवरून उतरवून टोपी लावली. हॉबला वीज लागते ती ठिणगीसाठी, ती वायरही भिंतीतून काढली. मग जाळ्या, बर्नरच्या टोप्या आणि मुकुट उचलून वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. मुकुट उचलल्यावर मला पहिल्यांदाच दिसलं, खाली एक वाटीसारखी खोलगट जागा असते आणि तिच्या तळाशी जेटचं षटकोनी डोकं.

७ मिलिमीटरचा लांब दांड्याचा बॉक्स पाना त्यांनी त्या वाटीत उभा घातला, डावीकडे एक जोर दिला आणि "टक्" असा आवाज झाला. मग बोटांनी फिरवत सोडला. जेट पान्यात अडकून वर येतोच असं नाही, मध्येच निसटला तर हॉबच्या पोटात जातो आणि मग काच उचलावी लागते. जेट पितळी, त्यामुळे लोहचुंबक चालत नाही. मी म्हटलं, कणीक मळलेली आहे, थोडी पान्यात लावू का, चिकटेल. ते लगेच म्हणाले, "नको वहिनी. कणीक भोकात वाळली तर जेट गेला." त्यांनी वर्तमानपत्राची नखभर रुंद पट्टी फाडली, दुमडून पान्याच्या तोंडात घातली आणि त्यावर जेट दाबला. कागदामुळे जेट घट्ट बसला. पाना उलटा धरून हलवला तरी पडत नव्हता. नवा जेट लावताना आधी हातानेच फिरवला, आटे नीट पकडल्याची खात्री केली आणि मग पान्याने बेताचा आवळला. पितळाचे आटे मऊ, तिरके गेले तर कायमचे बिघडतात. भोकात त्यांनी तार किंवा पिन अजिबात घातली नाही, उजेडाकडे धरून आरपार पाहिलं आणि तोंडाने फुंकलं.

लहान बर्नरला ५०, मधल्याला ६५. मोठ्या बर्नरचा ११५ तसाच ठेवून त्याचा नॉबच काढून माझ्या हातात दिला. "हा कपाटात ठेवा, म्हणजे चुकूनही कोणी चालू करणार नाही." घरात पाहुणे, पोरंबाळं येत-जात असतात, "तिसरा वापरू नका" असं सांगून ते लक्षात राहत नाही.

मग नळी. जुनी नळी पाइपच्या गॅसच्या वेळची होती, तिच्यावरची तारीख पाहून त्यांनी ती बाजूला टाकली. आयएसआय शिक्का असलेली, आत तारेचं वेष्टण असलेली नारिंगी नळी लावली, दोन्ही टोकांना क्लिप. दर पाच वर्षांनी ही बदलायची. जोडणी झाल्यावर वाटीत साबणाचा दाट फेस केला आणि ब्रशने दोन्ही टोकांना आणि रेग्युलेटरच्या गळ्याला लावला. हॉबच्या मागे नळी जिथे बसते तिथे एक बुडबुडा आला, वाटाण्याएवढा झाला, फुटला, परत आला. मी श्वास रोखून पाहत होते. त्यांनी क्लिप अर्धा फेरा आवळली, फेस पुसून नवा लावला, पाच मिनिटं थांबले. काही आलं नाही. काडी पेटवून गळती बघणारे लोक अजून आहेत. तसं कधीही करू नये, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते.

लहान बर्नर पेटवला आणि ज्योत निळी आली. बुटकी, टोकदार, प्रत्येक खाचेतून एकेक पाकळी. मला खूप बरं वाटलं.

पण काम संपलं नव्हतं, आणि हा भाग बरेच जण विसरतात. मी नॉब सिमवर नेला, तर ज्योत हवी तेवढी बारीक होईना. मिस्त्रींनी मान हलवली, "आता पेच." नॉब ओढून काढला की दांड्याच्या शेजारी एक बारीक स्क्रू दिसतो. नॉब सिमवर असताना मुख्य वाट बंद होते आणि थोडासा गॅस या आडवाटेने जातो. पाइपच्या गॅसला ती वाट जास्त उघडी ठेवावी लागते, एलपीजीला हा स्क्रू पूर्ण आवळायचा असतो, कारण मग गॅस फक्त स्क्रूतल्या मोजून पाडलेल्या भोकातून जातो. आमच्या पुस्तिकेत तसं लिहिलेलंच होतं. त्यांनी बारीक चपट्या तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर घातला. लहान बर्नरचा लगेच फिरला. मधल्याचा आठ वर्षांच्या फोडण्यांच्या चिकट्याने धरून बसला होता. मी तेलाचा थेंब टाकू का विचारलं, ते म्हणाले, गॅसच्या कॉकमध्ये खाण्याचं तेल कधीच नाही, ते गोठून कॉक अडकतो. कोरड्या ब्रशने आणि कापडाने खाच मोकळी केली, खाचेत चपखल बसणारा दुसरा स्क्रू ड्रायव्हर काढला, आणि दोन-तीनदा हलकं मागेपुढे करत तो सोडवला. जोर लावला असता तर खाच मोडली असती आणि सगळा कॉक बदलावा लागला असता.

त्यानंतरची परीक्षा माझी. लहान बर्नरवर अर्धा लिटर दूध, सिमवर, मागचं दार उघडं. खाडीकडून वारा येतो आमच्याकडे, दुपारी तर चांगलाच. ज्योत थरथरली पण विझली नाही. नॉब मोठ्यावरून झटकन सिमवर नेला, पुन्हा मोठा केला, असं दहा वेळा केलं, तेव्हाही टिकली. या हॉबला ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी कांडी आहे, बर्नरच्या कडेला उभी असते ती. ज्योत तिला चाटत असली पाहिजे. मधल्या बर्नरची ज्योत दोनदा पेटून लगेच गेली, तेव्हा लक्षात आलं की मुकुट नीट खाचेत बसलेला नाही. उचलून परत बसवला, लागली.

आमचा भाचा अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात राहतो, शहराबाहेर घर घेतलंय, तिथेही पाइपलाइन नाही, अंगणात प्रोपेनची पांढरी टाकी. त्याला मी हे सगळं फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "मामी, मागच्या वर्षी मी हेच केलं." त्याच्या शेगडीत मात्र आणखी एक पायरी होती. तिकडच्या शेगड्यांच्या पोटात स्वतःचा एक रेग्युलेटर असतो, त्याची टोपी काढून आतला तुकडा उलटा करून बसवायचा, एका बाजूला नैसर्गिक वायू, दुसऱ्या बाजूला एलपी असं कोरलेलं. तिथे दाब पाण्याच्या उंचीच्या इंचात मोजतात, नैसर्गिक वायूला चार-पाच इंच, प्रोपेनला दहा-अकरा. टाकीवरचा दाब घरात आणण्यासाठी वेगळे रेग्युलेटर असतातच, शेवटचं बारीक काम शेगडीतला करतो. आपल्याकडच्या हॉबमध्ये तो नसतो, सगळी भिस्त सिलिंडरवरच्या रेग्युलेटरवर. म्हणून तिकडचे व्हिडिओ बघून इथे काही उलटंपालटं करायला जाऊ नये, आणि तिकडे राहणाऱ्यांनी तो तुकडा उलटा करायला विसरू नये. जेट बदलले आणि तो तुकडा तसाच राहिला तर दाब कमी पडून ज्योत मरतुकडी येते. त्याच्या बाबतीत तेच झालं होतं, म्हणून त्याने कळकळीने सांगितलं.

गॅस बदलला की स्वयंपाकघरही थोडं बदलावं लागतं. मिथेन हवेपेक्षा हलका, गळला तर छताकडे जातो, वरच्या झरोक्यातून निघून जातो. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्युटेन दुप्पट. सिलिंडरचा गॅस पाण्यासारखा खाली उतरतो आणि सखल जागी साचतो. आमचं स्वयंपाकघर माजघरापेक्षा एक पायरी खाली आहे आणि मागच्या दाराला चार बोटं उंच उंबरा. म्हणजे गळलेला गॅस साचायला तयार हौदच. सिलिंडर आधी ओट्याखालच्या बंद कपाटात ठेवला होता. सुताराकडून कपाटाच्या दाराला अगदी तळाशी जाळी करून घेतली आणि मागच्या दाराच्या खालच्या फळीतही तशीच जाळी. सासूबाईंना उंबऱ्याला हात लावलेला आवडणार नाही हे माहीत होतं, म्हणून उंबरा तसाच ठेवला. वास आला तर काय करायचं ते त्यांना मी तीनदा सांगितलं आहे. दिव्याचं बटण चालू-बंद करायचं नाही, रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, अंगणात जायचं आणि तिथून १९०६ ला फोन. हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या बाहेरच्या बाजूला चिकटवलाय, आत नाही.

सिलिंडर घेतानाच्या दोन गोष्टीही मी पुण्यात विसरून गेले होते. कड्याच्या आतल्या पट्टीवर एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी, डी तसेच पुढे. ती सिलिंडरच्या पुढच्या तपासणीची मुदत. उलटून गेलेली असेल तर सिलिंडर परत करायचा. दुसरं, टोपी काढल्यावर आतला काळा वायसर जागेवर आहे ना ते बघायचं. वजन तर करून घ्यावंच, आत गॅस १४.२ किलो.

पुण्यात बिल एससीएममध्ये, म्हणजे प्रमाणित घनमीटरमध्ये यायचं, इथे किलो. सारखा विचार मनात यायचा की एक सिलिंडर पाइपच्या किती गॅसबरोबर. उष्णतेच्या हिशेबाने एक भरलेला सिलिंडर साधारण १८ एससीएमच्या बरोबरीचा. पुण्याचं जुनं बिल काढून त्यावरून अंदाज बांधला तर आमच्या तिघांना सिलिंडर किती दिवस पुरेल ते बरोबर निघालं. पाइपचा गॅस बंद करून मीटर काढल्याचा कागदही जपून ठेवा. नव्या सिलिंडरच्या जोडणीच्या वेळी आम्हाला तो एजन्सीत दाखवावा लागला.

तेरा दिवसांनी ८५ चा जेट आला. टपालाच्या पाकिटात, कापसात गुंडाळलेला. मिस्त्रींनी मला म्हटलं, "आता तुम्हीच लावा, मी बघतो." मी कागदाची पट्टी घातली, जेट दाबला, पाना उभा धरला आणि हाताने फिरवायला लागले. पहिल्या दोन फेऱ्यांत तो अडतोय असं वाटलं. त्यांनी थांबवलं, उलटा फिरवायला लावलं, आटे बसल्याचा अगदी बारीक ठोका बोटांना कळला, मग परत सुलटा. तो ठोका कळणं हीच या कामातली खरी कला आहे. स्क्रू आवळला, फेस लावला, नॉब कपाटातून काढून परत बसवला. सासूबाईंनी घावनाचा बिडाचा तवा ठेवला. घावन कडेपासून मध्यापर्यंत एकसारखं सुटलं.

काढलेले ७२, ९७ आणि ११५ मी औषधाच्या रिकाम्या बाटलीत घातले, बाटलीवर "पाइपचा गॅस" लिहिलं आणि पुस्तिकेबरोबर एकाच पिशवीत ठेवली. हॉबच्या खालच्या बाजूला कागद चिकटवला, "एलपीजी, ५०–६५–८५" आणि तारीख. उद्या आमच्यानंतर कोणी हा हॉब शहरात नेला तर त्याला बटणांचा डबा उपसावा लागू नये.

आमचं बघून वरच्या आळीतले एक काका आले. मुंबईहून येताना त्यांनी गॅसचा गीझर आणलाय, तोही पाइपच्या गॅसचा, आणि तो सिलिंडरला जोडायच्या बेतात होते. मिस्त्रींना फोन लावून दिला. ते स्पष्ट म्हणाले, गीझरचं काम शेगडीसारखं नाही, त्यात एका पट्टीवर पुष्कळ जेट असतात आणि गॅसचा झडपच वेगळा, ते कंपनीनेच करून द्यायला हवं, नाहीतर नवा घ्या. आणि कुठलाही असो, न्हाणीघराच्या आत लावू नका. काकांनी ऐकलं. गीझर पडवीत गोणपाटाखाली आहे आणि सध्या ते बंबातच पाणी तापवतात.